मोर्लाक नेमके कोण? सर्ब, क्रोएट, रोमनांचे वंशज, की नुसते मेंढपाळ?

रानवारा (धागाकर्ता)
जर्मन कवी गटेच्या कविता वाचताना 'हसन-आगाच्या थोर पत्नीचा विलाप' ही एक कविता सापडली. ती 'मोर्लाकी'तून आल्याची नोंद आहे. ही भाषा मी कधी ऐकलीच नव्हती, म्हणून शोधत गेलो. मोर्लाक हे डाल्मेशियातले, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यामागच्या डोंगराळ मुलखातले लोक, एवढं कळलं. पण पुढे सगळा गोंधळ. एकजण म्हणतो ते सर्ब, दुसरा म्हणतो क्रोएट, तिसरा म्हणतो रोमन साम्राज्यातल्या लॅटिनभाषकांचे वंशज, चौथा त्यांना थेट रुमानियन ठरवतो. प्रत्येकाचा सूर असा, की दुसरं काही असूच शकत नाही.
माझे प्रश्न दोन. हे लोक स्वतःला काय म्हणवत होते? आणि आज ते कुठे आहेत? जाणकारांनी लिहावं.

बखरवेडा
धागा आवडला. आधी भूगोल डोक्यात बसवा, मग बराच गुंता सुटतो.
झादर, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट ही किनाऱ्यावरची जुनी नगरं. १४२० पर्यंत ती व्हेनिसच्या ताब्यात आली होती. शहरात इटालियन आणि स्लाव दोन्ही भाषा चालत. शहराच्या पाठीमागे थोडी सपाट जमीन आणि मग चुनखडीचे उघडेबोडके डोंगर. उत्तरेला वेलेबितची रांग १७५७ मीटरपर्यंत चढते, पूर्वेला दिनारा पर्वत. डोंगरापलीकडे बोस्निया. या मधल्या पट्ट्याला झागोरा म्हणतात, म्हणजे डोंगरामागचा मुलूख. शेतीला माती कमी, चराईला रान भरपूर. मेंढ्या उन्हाळ्यात वर, थंडीत खाली किनाऱ्याजवळ. खाली येताना चीज, लोकर, कातडी आणायची. वर जाताना पाग बेटाच्या मिठागरांचं मीठ घोड्यांवर लादून आतल्या मुलखात विकायचं.
कागदोपत्री हे नाव १३४४ च्या सुमारास दिसतं. क्निन आणि क्रबावा या भागातल्या दोन सरदार घराण्यांच्या भांडणाच्या संदर्भात. पुढे व्हेनिसच्या नकाशांवर वेलेबितच्या पायथ्याची सामुद्रधुनीसुद्धा 'मोर्लाकांची खाडी' म्हणून नोंदली गेली. एवढा त्यांचा दरारा होता.

कावेरी_
वाचतेय. वाचनखूण साठवली.

शब्दपारखी
नावाबद्दल थोडं. मूळ बायझंटाइन ग्रीक 'मावरोव्लाखोस', म्हणजे काळे व्लाख. व्लाख हा शब्द बाल्कनमध्ये लॅटिनपासून निघालेली बोली बोलणाऱ्या मेंढपाळांसाठी होता. दुक्ल्याच्या पाद्र्याची म्हणून जी मध्ययुगीन बखर आहे तिच्यात 'मोरोव्लाख म्हणजे काळे लॅटिन' असं स्पष्ट लिहिलंय. त्यावरूनच त्रोगिरचा इतिहासकार इवान लुचिच याने १६६६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात मोर्लाकांना रोमनांशी जोडलं.
'काळे' का, यावर वाद आहे. कुणी कपड्यांचा रंग सांगतं, कुणी म्हणतं स्टेपमधल्या लोकांत काळा रंग उत्तर दिशेचा, म्हणून 'उत्तरेकडचे व्लाख'. मला दुसरं जास्त पटतं, पण पैज लावणार नाही.

तिठा
शब्दपारखी, माहिती उत्तम, पण नावाच्या मुळावरून माणसांचं मूळ ठरवणं मला मान्य नाही. व्लाख हा फार लवकर वंशाचा कमी आणि दर्जाचा जास्त शब्द झाला होता.
१४व्या शतकात सर्बियाचा राजा मिलुतिन याने बान्यस्का मठाला दिलेली सनद पाहा. तिच्यात सर्बाने व्लाखांत लग्न करू नये असं कलम आहे. कुणी म्हणेल, बघा, दोन वेगळे वंश! पण त्या सनदेत 'सर्ब' म्हणजे मठाच्या जमिनीला बांधलेला कुळवाडी, आणि 'व्लाख' म्हणजे जनावरं राखणारा, फिरता, हलक्या वेठीचा माणूस. कुळवाडी व्लाखांत लग्न करून निघून गेला तर नांगर कोण धरणार? मठाची काळजी शेताची होती.
उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, अमलातही तेच. व्लाख म्हणून नोंदलेलं घर दरवर्षी साधारण एक सोन्याचं नाणं आणि काही मेंढ्या-तंबू असा ठरीव कर देई. त्याबदल्यात सरहद्दीची राखण, वाटांचा पहारा. साध्या रयतेपेक्षा हे कितीतरी सोयीचं. मग स्लाव शेतकरीही व्लाखांत नाव लावत गेले. दोनशे वर्षं असं चाललं तर 'मूळ' काय उरणार?

शब्दपारखी
@तिठा, दर्जाचा मुद्दा खराच, पण तेवढ्यावर लॅटिन मूळ पुसून टाकू नका. फ्रांकोपान सरदारांनी १५व्या शतकात क्रक बेटावर व्लाख वसवले, त्यांची रुमानियनशी नातं असलेली बोली तिथे १९व्या शतकापर्यंत टिकली. इस्त्रियात शुश्न्येवित्सा आणि झेयाने या गावांत त्याच कुळातली इस्त्रो-रुमानियन अजून बोलली जाते, बोलणारे अगदी थोडे उरलेत. माँटेनेग्रोतल्या दुर्मितोर पर्वताचं नावही बहुतेक अभ्यासक लॅटिन कुळातलं मानतात. हे सगळं करवसुलीच्या वहीतून जन्मलेलं नाही.

दर्यावर्दी
क्रक बेटावरचा शेवटचा भाषक १८९८ मध्ये स्फोटात गेला, तोच का हा?

शब्दपारखी
नाही, तो तुओने उदाइना. त्याची भाषा डाल्मेशियन. तीही लॅटिनकुळातली, पण किनाऱ्यावरच्या शहरांची, रोमन काळापासून तिथेच वाढलेली. व्लाखांची बोली निराळी, ती डोंगरातून आली. एकाच बेटावर लॅटिनच्या दोन लेकी नांदत होत्या आणि दोघींच्या भोवती क्रोएशियन.

म्युनिककर
इथे माझ्या ऑफिसात स्प्लिटचा एक सहकारी आहे, आणि इमोत्स्कीकडचाही एक. झागोरातून जर्मनीत कामाला आलेले फार लोक आहेत. स्प्लिटवाला दुसऱ्याला हसत हसत 'व्लाय' म्हणतो. अर्थ विचारला तर म्हणाला, डोंगरामागचा, गावंढळ, मोठ्या आवाजात बोलणारा. दोघेही क्रोएट, दोघेही कॅथलिक. इमोत्स्कीवाला रागावत नाही, उलट छाती पुढे काढतो. म्हणजे 'मोर्लाक' कुणी म्हणत नसलं तरी त्याची जुनी जोडी अजून रोजच्या बोलण्यात आहे.

डोंगरवाट
वाचताना सारखे आपले धनगर डोळ्यांसमोर येतात. पावसाळ्यात देशावर, दिवाळीनंतर कोकणात, शेतात मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य. शहराच्या लेखी सगळे एकच.

तिठा
चराईपुरतं साम्य आहे, पण पुढे ताणू नका. मोर्लाक दोन साम्राज्यांच्या सीमेवर राहत होते. बंदूक बाळगणं आणि बाजू बदलणं हाच त्यांच्या जगण्याचा मोठा भाग. धनगरांच्या वाटेवर तशी सीमा नव्हती.

बखरवेडा
सीमेचं निघालंच आहे तर सांगतो, कारण मोर्लाक युरोपच्या राजकारणात आले ते तिथूनच.
क्निन १५२२ मध्ये उस्मान्यांकडे गेलं, क्लिसचा किल्ला १५३७ मध्ये पडला. व्हेनिसकडे शहरं आणि भोवतीची चिंचोळी पट्टी एवढंच उरलं. रिकाम्या झालेल्या डोंगरउतारांवर उस्मान्यांनी व्लाख वसवले. पुढे १६४५ मध्ये क्रीटसाठी युद्ध पेटलं आणि व्हेनिसला डाल्मेशियात माणसांची गरज लागली. मग उस्मानी प्रजा असलेली ही मोर्लाक कुटुंबं, मेंढरांसकट, व्हेनिसच्या बाजूला येऊ लागली. जमीन, पगार, लुटीतला वाटा अशी आश्वासनं होती.
यातला सगळ्यात गाजलेला म्होरक्या स्तोयान यांकोविच. १६६६ मध्ये उस्मान्यांच्या हाती लागला, इस्तंबूलला नेला गेला, वर्षभरानंतर निसटून परत आला. व्हेनिसने त्याला संत मार्कचा सरदार केलं, झादरजवळ इस्लाम ग्रचकी इथे वाडा आणि जमीन दिली. १६८७ मध्ये लढतानाच मेला. इमोत्स्की, सिन्य, क्निन हा सगळा पट्टा व्हेनिसकडे आला तो १६९९ आणि १७१८ च्या तहांनी, आणि त्यात मोर्लाकांचं रक्त फार सांडलं होतं.
यांकोविच ऑर्थोडॉक्स होता. त्याच्यासोबत कॅथलिक मोर्लाकही लढत. व्हेनिसच्या दफ्तरात दोघेही 'मोर्लाक'. चर्च वेगळं, पण पगारपत्रक एक.

कावेरी_
आणि युद्ध संपल्यावर? सैनिक म्हणून गोड, शेतकरी म्हणून नकोसे, असं झालं असणार.

बखरवेडा
अगदी बरोबर. नव्या मुलखातली जमीन सरकारी. १७५६ मध्ये ग्रिमानी नावाच्या राज्यपालाने कायदा केला: मोर्लाक कुटुंबांना माणशी ठरावीक जमीन कसायला मिळेल, पण विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, बदल्यात दशमांश आणि फौजेची चाकरी. घरं वाढली, तुकडे लहान झाले, दुष्काळ पडले. तक्रारींचे ढीग आहेत. शहरातल्या अधिकाऱ्यांचं मत ठरलेलं: हे आळशी, दरोडेखोर, शिकवून उपयोग नाही.

निळाई
इथे फोर्तिस यायलाच हवा!
आबाते अल्बेर्तो फोर्तिस, पादुआचा निसर्गअभ्यासक. दगड, जीवाश्म, मासे, शेती पाहायला डाल्मेशियात फिरला. १७७४ मध्ये व्हेनिसला त्याचं प्रवासवर्णन छापून आलं आणि त्यात 'मोर्लाकांच्या चालीरीती' असं एक प्रकरण. तेच सगळ्या युरोपात गाजलं, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी भाषांतरं झाली.
सुरुवातच मला आवडते. तो म्हणतो, किनाऱ्यावरचे शहरी लोक तुम्हाला मोर्लाकांच्या क्रौर्याच्या शेकडो गोष्टी सांगतील; मी त्यांच्यात राहिलो, मला निराळं दिसलं. मग तो त्यांचा पाहुणचार सांगतो, गुस्ले हे एकतारी वाद्य वाजवत गायली जाणारी वीरगीतं सांगतो. पेरुशिचच्या चर्चमध्ये दोन तरुण मुलींनी पाद्र्यासमोर, गावासमोर एकमेकींना आयुष्यभराच्या बहिणी मानल्याचा विधी त्याने स्वतः पाहिला. मैत्रीला वेदीसमोर आशीर्वाद! पुरुषांतही हीच रीत, मग एकाचं वैर ते दुसऱ्याचं वैर.
पण त्याची नजर स्वच्छ नव्हती. रूसोच्या काळातला माणूस, 'निरागस रानटी' शोधायलाच निघालेला. बायकांना कष्टाने आणि नवऱ्यांच्या वागणुकीने लवकर म्हातारपण येतं हे तो लिहितो, पण त्यावर थांबत नाही, पुढच्या नवलाकडे जातो. मला तिथे राग येतो.

तिठा
फोर्तिस वाचला तर लोवरिचही वाचावा. इवान लोवरिच, सिन्यचा, म्हणजे त्याच मातीतला, पादुआत शिकणारा विशीतला पोरगा. १७७६ मध्ये त्याने फोर्तिसच्या चुका काढणारं अख्खं पुस्तक लिहिलं. हे तू चुकीचं ऐकलंस, ही रीत अशी नाही, इथे तुला कुणीतरी गंमत म्हणून सांगितलं. शिवाय सोचिवित्सा नावाच्या हायदुकाचं, म्हणजे उस्मानी मुलखात दरोडे घालणाऱ्या बंडखोराचं चरित्र जोडलं, त्याच्याशी स्वतः बोलून. पुढच्याच वर्षी लोवरिच वारला.
ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्यांच्यातून लगेच उत्तर आलं, तेही छापील, ही त्या काळात फार मोठी गोष्ट. पण युरोपने फोर्तिसच वाचला.

दर्यावर्दी
+१. आणि मग फॅशनच आली ना? काउंटेस रोझेनबर्गची मोर्लाकांवरची कादंबरी १७८८ ची. १८२७ मध्ये फ्रेंच लेखक मेरिमेने तर घरबसल्या 'बाल्कनची लोकगीतं' रचून खरी म्हणून छापली, आणि पुश्किनने त्यातली काही रशियनमध्ये नेली.

निळाई
हो, पण मूळ धाग्यातली कविता खरी आहे, बनावट नाही. 'हासानागिनित्सा' म्हणून आजही शाळेत शिकवतात. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.
हसन-आगा लढाईत जखमी होऊन डोंगरात तंबूत पडलाय. आई येते, बहीण येते, बायको येत नाही, तिला लाज आड येते. तो चिडून निरोप धाडतो, माझ्या वाड्यात थांबू नकोस. तिचा भाऊ तलाकाचा कागद घेऊन येतो, तिला पाळण्यातल्या तान्ह्यापासून ओढून नेतो आणि तिच्या विनवण्या न ऐकता इमोत्स्कीच्या काझीशी लग्न ठरवतो. ती एवढंच मागते, की लांब बुरखा पाठवा, वाटेत वाडा लागेल तेव्हा माझी पोरं मला दिसू नयेत. वरात वाड्यावरून जाते, पोरं ओळखतात, हाक मारतात. ती थांबून प्रत्येकाला भेट देते. हसन-आगा पोरांना म्हणतो, या इकडे, तुमच्या आईचं काळीज दगडाचं आहे. ते ऐकून ती तिथेच कोसळते आणि प्राण सोडते.
दोघांपैकी कुणी वाईट नाही आणि तरी सगळं उद्ध्वस्त होतं. मानाच्या कल्पनेखाली बाईला बोलायची सोयच नाही, हे ज्या कुणी रचलं त्याला किंवा तिला ते आतून माहीत होतं.
आणि धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं: यातली सगळी पात्रं मुसलमान आहेत. फोर्तिसने ती 'मोर्लाकी' गाणं म्हणून छापली, गटेने १७७५ च्या सुमारास जर्मनमध्ये नेली. म्हणजे गाणं धर्माची हद्द मानत नव्हतं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मुसलमान, एकच भाषा, एकच दहा अक्षरी ओळ.

रानवारा (धागाकर्ता)
निळाई, हे वाचून कविता पुन्हा उघडली. मनापासून आभार. म्हणजे 'मोर्लाकी' भाषा ही वेगळी भाषा नव्हतीच?

शब्दपारखी
नव्हती. फोर्तिसच्या काळापर्यंत मोर्लाक स्लावच बोलत होते, जिला आज कुणी क्रोएशियन म्हणतं, कुणी सर्बियन, कुणी बोस्नियन. जुनी लॅटिन बोली बहुतेक ठिकाणी शतकांपूर्वी मागे पडली होती.

अनाम_वाचक
डीएनए चाचणी करून एकदाचं मिटवून टाका.

तिठा
पणजोबा कुठून चालत आले ते डीएनए थोडंफार सांगेल. ते मशिदीत जात की चर्चमध्ये, कर कुणाला भरत, रात्री कुणाची गाणी गात, हे त्यात नसतं. आणि भांडण त्याचंच आहे.

बखरवेडा
भांडणाचं मूळ १९व्या शतकात. व्हेनिस १७९७ मध्ये संपलं, मधे थोडी वर्षं नेपोलियन, मग ऑस्ट्रिया. वृत्तपत्रं आली, शाळा आल्या, राष्ट्रं आली. तोवर ज्यांना 'मोर्लाक' म्हणून पुरत होतं त्यांना आता एक रकाना निवडावा लागला. निवड ठरली चर्चवरून: क्रका, क्रुपा, द्रागोविच या मठांकडे जाणारे ऑर्थोडॉक्स ते सर्ब, विसोवात्सच्या फ्रान्सिस्कनांकडे जाणारे कॅथलिक ते क्रोएट. शेजारची दोन गावं, तीच मेंढरं, तेच गुस्ले, दोन राष्ट्रं.
मग दोन्हीकडच्या इतिहासकारांनी मागे जाऊन सगळेच मोर्लाक आपले ठरवले. १९४१ नंतर, दुसऱ्या महायुद्धात, आणि १९९० च्या दशकात हे रकाने रक्ताने भरले. क्निन हीच सर्ब क्रायिनाची, म्हणजे क्रोएशियातून फुटलेल्या बंडखोर सर्बांच्या राज्याची, राजधानी होती. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियन फौजेने ती घेतली तेव्हा दीड-दोन लाख सर्ब तो मुलूख सोडून गेले. त्यातल्या कित्येकांचे पूर्वज यांकोविचसोबत लढलेले असणार.

म्युनिककर
म्हणूनच जपून बोलावं लागतं. स्प्लिटवाला आपल्या माणसाला 'व्लाय' म्हणतो तेव्हा थट्टा. पण तोच शब्द एखादा क्रोएट राष्ट्रवादी सर्बाला 'व्लाख' म्हणून वापरतो तेव्हा अर्थ असतो, तू सर्ब नाहीस, तू इथला नाहीस, उपरा आहेस. मी एका जेवणावळीत हे ऐकलं आणि टेबलावरचे दोघे उठून गेले.

डोंगरवाट
तरी मला वाटतं, 'मोर्लाक' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव म्हणून फेकून देणंही बरोबर नाही. त्या नावाखाली लोक लढले, जमिनी मिळवल्या, गाणी छापली गेली.

कावेरी_
पण धागाकर्त्याचा पहिला प्रश्न कुणी घेतलाच नाही अजून. ते स्वतःला काय म्हणत?

निळाई
याचं उत्तर फोर्तिसच्याच प्रकरणात आहे. तो लिहितो की मोर्लाक आपल्या भाषेत स्वतःला सर्रास 'व्लासी' म्हणवतात, म्हणजे व्लाख. 'मोर्लाक' हा किनाऱ्याचा आणि व्हेनिसचा शब्द.

तिठा
आणि 'व्लासी' म्हणताना त्यांच्या मनात लॅटिन पूर्वज होते असं समजायचं कारण नाही. आम्ही डोंगरातले, शहराचे नाही, आणि तुर्कही नाही, एवढं त्यात असावं. त्याच माणसाला पाद्र्याने विचारलं तर तो ऑर्थोडॉक्स किंवा कॅथलिक, फौजेत विचारलं तर अमक्या सरदाराचा. या सगळ्या ओळखी एका वेळी खऱ्या होत्या. 'सर्ब की क्रोएट' हा प्रश्न १७७४ च्या मोर्लाकाला विचारला तर तो खोटं बोलणार नाही, पण तुम्हाला हवं ते उत्तरही देणार नाही.

शब्दपारखी
तिठाशी इथे सहमत. फक्त एक जोडतो: लॅटिन मूळ, स्लाव भाषा, उस्मानी दर्जा, व्हेनिसची चाकरी हे थर एकावर एक चढलेत. वरचा थर खरा म्हणून खालचा खोटा होत नाही.

बखरवेडा
दुसरा प्रश्न, आज कुठे आहेत. १९९१ च्या क्रोएशियाच्या जनगणनेत २२ जणांनी 'मोर्लाक' अशी नोंद केली. बाकीचे सगळे आहेतच, झागोरात, झादर-स्प्लिटच्या उपनगरांत, बेलग्रेडला, म्युनिकला. नावं सर्ब किंवा क्रोएट. सिन्यला दर ऑगस्टला आल्का भरते: घोडा भरधाव सोडून भाल्याने टांगलेली लोखंडी कडी उचलायची, १७१५ मध्ये उस्मान्यांना परतवल्याच्या स्मरणार्थ. २०१० मध्ये ती युनेस्कोच्या यादीत गेली, आणि झागोरातलं कंप काढत गायचं ओयकान्ये गायनही त्याच वर्षी, तातडीने जपण्याच्या यादीत.

रानवारा (धागाकर्ता)
ओयकान्ये शोधून ऐकलं. छाती भरून एकच स्वर ओढतात आणि तो थरथरवत ठेवतात, दोघं-तिघं एकमेकांना खेटून. दोन्ही उत्तरं मिळाली, सगळ्यांचे आभार. लोवरिचच्या पुस्तकाचं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर कुठे मिळेल का?

निळाई
मी मूळ इटालियनच वाचलंय, स्कॅन केलेली जुनी प्रत ऑनलाइन मिळते. हायदुकाच्या चरित्रापासून सुरुवात करा. काही पानं मराठीत आणायचा प्रयत्न करते, वेगळा धागा काढेन.

कावेरी_
नक्की काढा. त्यात बायकांबद्दल लोवरिच काय म्हणतो तेही घ्या, फोर्तिस जिथे थांबला नाही तिथलं.